25 यू.पी.

सिलतऱ्यात डिग्री म्हटली की भट्टी. स्पंज आयर्नच्या किल्नमध्ये हजारेक डिग्री नसतील, तर इथे माणसांची डोकी तापतात. त्यामुळे गच्चीवर साडूंनी चष्मा कपाळावर चढवून आमच्या व्हिस्कीचं लेबल वाचलं, ‘75 डिग्री प्रूफ’, तेव्हा आमचे फोरमन शांतपणे म्हणाले, “गुनगुना है.”

साडू न्यू जर्सीहून आलेले, आणि स्वतःची बाटली घेऊन आलेले. तिच्यावर 80 प्रूफ. “तुमची 75, आमची 80!” पाच मार्कांनी बोर्डात आल्याचा आनंद.

मी पडलो लॅबवाला, गप्प कसा बसणार? म्हटलं, अमेरिकेत प्रूफ म्हणजे टक्क्यांची दुप्पट. तुमची भरली 40 टक्के. आपलं प्रूफ साहेबाचं. पूर्वी विलायतेत म्हणे प्यायच्या दारूत बंदुकीची दारू भिजवून काडी लावायचे. पेटली तर माल अस्सल. दारूची साक्ष दारूनेच काढायची! (आपल्याकडे पहिल्या धारेची ओळखायला थेंब विस्तवावर टाकतात. अक्कल तीच, फक्त त्यावर कुणी कर बसवला नाही.) ही अस्सल 100 डिग्री म्हणजे साधारण 57 टक्के. तिच्या पाऊणपट ती 75 डिग्री, म्हणजे 42.8 टक्के. तो विचित्र पॉइंट आठ येतो तो असा.

साडूंचा चेहरा पडला. तेवढ्यात फोरमननी पिशवीतून देशी ‘मसाला’ दारूचा पव्वा काढला. त्यावर ‘25 यू.पी.’ फोरमन बलियाचे. गेली कित्येक वर्षं ते हा पव्वा गाववाला म्हणून पीत होते.

आता खरं सांगणं भाग होतं. यू.पी. म्हणजे अंडर प्रूफ. शंभरातून 25 वजा, म्हणजे पुन्हा तेच 75, तेच 42.8. पव्वा व्हिस्कीच्या बरोबरीचा आणि न्यू जर्सीच्या वरचढ!

“मोजून दाखव,” साडू इरेला पेटले. म्हटलं, हायड्रोमीटर 20 डिग्रीच्या हिशेबाचा. मे महिन्यातल्या या गच्चीवर दारू तापून हलकी होणार, तो जास्त खोल बुडणार आणि फुगवून आकडा सांगणार. त्यात रंग-साखर विरघळलेली असली तर उलट कमी सांगणार. माणसासारखाच तो, दारूत उतरला की भरवशाचा राहत नाही.

फोरमन मात्र हिशेबातच अडकले होते. “मग ती 50 यू.पी. प्लेन?”

“शंभरातून 50 वजा. साडेअठ्ठावीस टक्के.”

त्यांनी पव्वा खाली ठेवला.

“यू.पी. जितना ज़्यादा, नशा उतना कम? ये तो बदनामी है, साहब!”