हा बदललान कुणी?

२६ ऑगस्ट २०२५, हरतालिका. दुसऱ्या दिवशी गणपती. काकूचे दोन्ही हात करंज्यांच्या साट्यात आणि ओट्यावर फोन वाजतोय. फोन अवीचा. अवी म्हणजे काकूचा मुलगा, डोंबिवलीचा चाकरमानी, नुकताच राजापूर रोडला उतरलेला. आमचं स्टेशन नावापुरतंच राजापूरचं. त्या नावात 'रोड' हा शब्द रेल्वेने अगदी प्रामाणिकपणे घातलाय, कारण उतरल्यावर समोर असतो तो रोडच. राजापूर बरंच पुढे. तर 'रिक्षा पाठव' एवढंच सांगायला त्याने फोन केलेला.

काकूने पदराला बोट पुसलंन आणि सवयीने पडद्यावर वर सरकवलंन. काही नाही. पुन्हा वर. फोन वाजतोच आहे. तिसऱ्या वेळी तुपाचं बोट घसरलं, डावीकडे गेलं आणि फोन कापला गेला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा फोन वाजलाच नाही, कारण तोवर अवीच्या फोनने मान टाकली होती. ती का टाकली ते पुढे येईल.

"हा बदललान कुणी?" काकू म्हणाली. प्रश्न मला, नजर नातवाकडे. नातू बिचारा मखराला टाचण्या मारत होता. तो म्हणाला, "मी हातसुद्धा लावलेला नाही." काकू म्हणाली, "मीही नाही." आणि दोघंही खरं बोलत होते, हीच तर गंमत.

त्या पंधरवड्यात अख्ख्या देशात हा संवाद घरोघर चालू होता. माणसं रात्री एका फोनला उशाशी घेऊन झोपली आणि सकाळी दुसऱ्याच फोनबरोबर उठली. आकडे मोठे झाले, बटणं फुगली. 'रिसेंट्स' आणि 'फेव्हरिट्स' यांची दोन बिऱ्हाडं मोडून एकच 'होम' झालं. नावांची यादी मुख्य दारातून उठून बाजूच्या खणात गेली. आणि वर सरकवून उचलायचा फोन आता उजवीकडे सरकवून उचलायचा, डावीकडे सरकवला की कापायचा. सेटिंगमधलं 'अपडेट' कुणी दाबलेलं नव्हतं. फोनची मूळ प्रणाली जिथल्या तिथे होती. फक्त फोन लावायचं ॲप रात्री वाय-फायवर गुपचूप नवे कपडे घालून आलं होतं. कंपनीचं नाव मी घेत नाही. काकू काकांचं नाव घेत नाही तसंच. उखाण्यातसुद्धा घेणार नाही.

अफवांना काय, सणासुदीला त्या चाकरमान्यांच्या आधी पोचतात. फोन हॅक झाला. सरकार ऐकतंय. चिनी लोक ऐकतायत. आमच्या वाडीतला संवाद कुणी चिनी माणसाने ऐकलाच, तर त्याला भजनाच्या बारीत पखवाज कोण वाजवणार यावरून झालेलं भांडण तेवढं समजेल, आणि तेही पूर्ण नाही.

आता कुणी म्हणेल, न सांगता येणाऱ्या गोष्टींचं राजापूरकराला काय कौतुक? बरोबर आहे. आमची गंगा उन्हाळे गावात येते, साधारण तीन वर्षांनी असं म्हणतात, पण ती काही कॅलेंडर बघून येत नाही. हल्ली तर कधीही येते, वाटलं की जाते. नोटिफिकेशन नाही, 'रिमाइंड मी लेटर' नाही. एक दिवस कुणीतरी सांगत येतो, "गंगा आली," आणि माणसं पंचे घेऊन निघतात. पण एक बघा. गंगा आली की पाणी नवं असतं, चौदा कुंडं जुनीच असतात. काशीकुंड होतं तिथेच. गोमुख होतं तिथेच. आंघोळीला गेलेल्या म्हातारीला कुणी असं सांगत नाही, की आजी, तुमच्या सोयीसाठी आम्ही काशीकुंड डावीकडच्या खणात हलवलंय, वर तीन टिंबं दिसतील ती दाबा. गंगेला एवढं कळतं. कॅलिफोर्नियात गलेलठ्ठ पगार घेणाऱ्या डिझायनरला कळत नाही, याचं कारण त्याने साटं लागलेल्या बोटाने कधी फोन उचललेला नाही.

आणि हे सगळ्यांना एकाच दिवशी होत नाही, हा आणखी एक ताप. नवी आवृत्ती आधी थोड्या टक्क्यांना सोडायची, कुणाचे फोन कोसळतात का बघायचं, मग टक्का वाढवायचा, अशी यातली रीत आहे. रीत शहाणपणाची आहे. सगळ्या गावाला एकदम विषबाधा होण्यापेक्षा पहिल्या पंगतीला झालेली बरी. पण पहिल्या पंगतीत आपल्याला बसवलंय हे निदान पान मांडताना सांगावं की नाही? आमच्याकडे पालखीचा पहिला मान कुणाचा, यावरून माणसं कोर्टात जातात. इथे मान मिळतो आणि मानकऱ्याला पत्ता नसतो. काकूच्या फोनला मान मिळाला, शेजारच्या वहिनींच्या त्याच कंपनीच्या फोनला नाही. वहिनी दोन दिवस सांगत फिरल्या, "तुम्हीच काहीतरी दाबलं असणार."

हे झालं जबरदस्तीच्या मानकऱ्यांचं. हौसेचे मानकरी वेगळे. त्यात आमचा अवी.

अवी बीटावर असतो. म्हणजे कंपनीने अजून पक्कं न केलेलं, 'दैनंदिन वापराच्या फोनवर टाकू नका' असं स्वतःच बजावलेलं सॉफ्टवेअर तो दैनंदिन वापराच्या फोनवर टाकतो. त्याचा एकुलता एक फोन तोच. मुंबईत याला बीटा म्हणतात, आमच्याकडे अशा माणसाला बेट्या म्हणतात. जून उजाडला की हा रात्र रात्र जागतो, जुलैत फोन दर दोन तासांनी बंद-चालू करतो आणि सप्टेंबरात सगळ्यांना ते मिळालं की म्हणतो, "हे? हे मी केव्हाचं वापरतोय." या एका वाक्यासाठी तो तीन महिने वनवास काढतो. त्या दिवशी पनवेलला त्याची बॅटरी पूर्ण भरलेली होती, चिपळूणला चाळीस टक्के, आणि राजापूर रोडला फोन उन्हाळे गावच्या गरम झऱ्याशी नातं सांगत होता. तीन कॉल केले, तिन्ही कापले गेले, आणि चौथ्याच्या आधी अंधार. शेवटी दुसऱ्या कुणाच्या तरी रिक्षात, दुसऱ्याच्या मखराचा थर्माकोल मांडीवर घेऊन तो घरी पोचला. दारातच म्हणाला, "आई, फोन कापतेस काय?"

"मी कशाला कापीन? तूच कुठे वर येत होतास?"

एका बाजूला न मागता अपडेट मिळालेली आई, दुसऱ्या बाजूला मागून मागून मिळवलेला मुलगा, आणि मध्ये उभी न राहिलेली रिक्षा.

बरं, ही मोठ्या कंपन्यांची चूक नवीही नाही. २४ सप्टेंबर २०१४ ला ॲपलने आयओएस ८.०.१ सोडलं आणि साधारण तासाभरात मागे घेतलं, कारण ते टाकलेल्या नव्या आयफोन ६ चं नेटवर्क गेलं होतं आणि बोटाचा ठसा त्याला ओळखू येईना. म्हणजे त्या एका तासात ज्याला अपडेटची घाई नव्हती, त्यालाच फोन लागत होता. २०१७ साली त्यांच्या कॅल्क्युलेटरवर भराभर १ अधिक २ अधिक ३ केलं की उत्तर यायचं २४. बटणाच्या नाचण्याला वेळ लागायचा, तेवढ्यात दुसरं अधिक गळून जायचं आणि फोन १ मध्ये २३ मिळवायचा. बटण सुंदर दिसावं म्हणून बेरीज चुकली! चतुर्थीच्या बाजारात काही दुकानदारांचं उत्तर असंच येतं, पण ते निदान फोनवर ढकलत नाहीत.

माझा आवडता किस्सा मात्र फेब्रुवारी २०१८ चा. तेलुगू लिपीतलं एक जोडाक्षर मेसेजमध्ये आलं की आयफोनचं ॲप कोसळायचं, पुन्हा उघडलं की पुन्हा कोसळायचं. ते अक्षर होतं 'ज्ञा'. ज्ञानातलं ज्ञा. जगातल्या सगळ्यात हुशार म्हणवणाऱ्या फोनला नेमकं हेच पचेना. त्याच महिन्यात ११.२.६ आणून त्यांनी ते दुरुस्त केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देशभरच्या अँड्रॉइडवाल्यांना आपल्या यादीत आधारचा हेल्पलाइन नंबर सापडला, जो त्यांनी कधी टाकला नव्हता. गुगलने सांगितलं, २०१४ साली फोनच्या सेटअपमध्ये आमच्याकडून नजरचुकीने राहून गेला. चार वर्षं तो नंबर आपल्या मामा-मावश्यांच्या रांगेत गुपचूप बसून होता. पाहुणा कुणाकडचा, हे लग्न लागून गेल्यावर विचारावं तसं झालं.

अपडेट न घेता काठावर बसून बघणाऱ्यांना मी शहाणं म्हणतो, असं मात्र समजू नका. राजापूरला हौशी लोकांचा इतिहास आहे. १६६० साली इथल्या वखारीतले इंग्रज आपले तोफगोळे कसे उडतात ते दाखवायला थेट पन्हाळ्याला गेले, तेही सिद्दी जौहरच्या बाजूने. १६६१ साली शिवाजी महाराज राजापुरात आले, वखारीवर नांगर फिरल्यासारखं झालं आणि साहेब कैदेत गेले. अटी व शर्ती न वाचता केलेला डेमो. पण त्याच गावात दुसऱ्या टोकाचेही आहेत. जवाहर चौकातले एक दुकानदार, अर्जुना-कोदवलीचा रंग बघून रात्री माल माळ्यावर चढवणारे. पुरात त्यांची साबणाची एक वडी भिजत नाही. बॅकअप हा शब्द त्यांना काय शिकवायचा! त्यांच्या फोनवर मात्र २०२१ पासून एकही अपडेट नाही, आणि सगळी उधारी, सगळे फोटो, नातीची पहिली पावलं, त्या एकाच फोनच्या तळमजल्यावर. मी म्हटलं, "काका, हे पण माळ्यावर चढवा." म्हणाले, "पाणी चढलं की बघू." अपडेटमध्ये नुसती रंगरंगोटी नसते, चोरवाटा बुजवायचं कामही त्यातच असतं, हे त्यांना पटतं. पण गवंडी बोलावला की तो भिंतीचं भोक बुजवतो आणि जाता जाता मोरी स्वयंपाकघरात हलवतो, असा त्यांचा अनुभव आहे. आणि मला त्यावर उत्तर सुचलं नाही.

तर काकूचा फोन गणपतीच्या दिवशी आरतीनंतर मोबाइलच्या दुकानात नेला. दुकानातल्या पोराने ॲपवर बोट दाबून धरलं, 'ॲप इन्फो', तीन टिंबं, 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. जुना चेहरा परत. मग प्ले स्टोअरमध्ये जाऊन आपोआप अपडेट व्हायचं बंद. पाच मिनिटांचं काम, वीस रुपये. त्याच्याकडे रांग होती, आणि तो प्रत्येकाला म्हणत होता, "गणपती पावला." एकीने त्याला विचारलंन, "पण हे मुळात काढलं कशाला, घातलं कशाला?" पोरगा म्हणाला, "मावशी, ते वीस रुपयांत येत नाही."

अनंत चतुर्दशीला अवी गेला. जाताना फोन हातात, तोंडावर उजेड. नवं बीटा आलं होतं.

परवा काकूने मला हाक मारलीन. पडद्यावर बँकेच्या ॲपची पाटी होती: हे ॲप जुनं झालंय, अपडेट केल्याशिवाय चालणार नाही. खाली एकच बटण. काकूने पलीकडे, कडेला, मागेपुढे सगळीकडे 'नंतर' शोधलंन.

"दाबू?" तिने विचारलं.

"पेन्शन बघायची आहे ना?"

"हो."

काकू उठली, मोरीवर गेली, साबणाने हात स्वच्छ धुतलेन, पंच्याला कोरडे केलेन आणि परत येऊन बसली. "आता सांग," ती म्हणाली, "वर सरकवायचं की उजवीकडे?"