हातचं सोडून पळत्याच्या पाठी

मूर्खपणाची स्तुती करायची तर पुराव्यानिशी करावी. माझा पुरावा म्हणजे कर्ट वॉर्नर.

अमेरिकेतल्या एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये दरवर्षी ड्राफ्ट होतो. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांमधून संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात. १९९४ साली २८ संघांनी सात फेऱ्यांत २२२ नावं पुकारली. नॉर्दर्न आयोवा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघासाठी चेंडू फेकणारा, वॉर्नर त्यांत नव्हता. ग्रीन बे पॅकर्सनी त्याला सराव शिबिराला बोलावलं खरं, पण तिथे ब्रेट फार्व, मार्क ब्रुनेल आणि टाय डेटमर असे तिघं आधीच रांगेत होते. त्यालाच नारळ मिळाला.

शहाणा माणूस इथे थांबला असता. वॉर्नर सीडर फॉल्सच्या हाय-व्ही या किराणा दुकानात रात्रपाळीला लागला, तासाला साडेपाच डॉलर. खोकी फोडायची, डबे फळीवर लावायचे, उजाडलं की घरी. आणि बरोबरच्या कामगारांना तो सांगायचा की मी एनएफएलमध्ये खेळणार आहे. हे बोलायला जे लागतं त्याला आपण वेड म्हणतो, आणि मला ते जगातल्या फार थोड्या आदरणीय गोष्टींपैकी एक वाटतं.

मग १९९५ ते ९७ तो आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून एरिना फुटबॉल खेळला. हा छपराखालचा खेळ. मैदान ५० यार्डांचं, म्हणजे नेहमीच्या निम्मं. एका बाजूला आठ जण, कडेला गादी लावलेल्या भिंती. समोरचे धिप्पाड गडी दोन ढांगांत अंगावर येतात. तिथे चेंडू हातात धरून विचार करत बसायला वेळच नसतो. बघायचं आणि सोडायचं. मोठ्या खेळातले जाणकार या प्रकाराकडे सर्कस म्हणून बघत. वॉर्नर तीन हंगाम त्यातच रमला.

पुढे शिकागो बेअर्सकडे चाचणी द्यायची संधी आली, तर मधुचंद्राला गेला असताना फेकीच्या हाताच्या कोपराला कोळी चावला आणि तीही हुकली. १९९८ मध्ये सेंट लुईस रॅम्सनी घेतलं, ते लगेच युरोपातल्या लीगमध्ये ॲमस्टरडॅमला धाडण्यासाठी. परतल्यावर आख्ख्या हंगामात एक सामना, त्यात ३९ यार्ड. १९९९ मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्स संघ नव्याने उभा राहत होता आणि इतर संघांनी सोडायची तयारी असलेल्या खेळाडूंच्या याद्या दिल्या. रॅम्सच्या यादीत वॉर्नरचं नाव होतं. ब्राउन्सनी ३७ खेळाडू उचलले. वॉर्नर तसाच राहिला.

त्याच ऑगस्टात रॅम्सचा पहिला क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन याचा गुडघा गेला आणि २८ वर्षांचा वॉर्नर मैदानात उतरला. त्या हंगामात त्याने ४१ टचडाउन फेकले, म्हणजे त्याच्या फेकीवर ४१ वेळा चेंडू गोलरेषेपलीकडे पोचला. लीगचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

असं वेड बाळगणारे बहुतेक जण फळीपाशीच राहतात, हे मला ठाऊक आहे. त्यांची नावं कुणी विचारत नाही. पण वॉर्नरची रात्रपाळी आणि त्यांची रात्रपाळी यांत तसूभर फरक नव्हता. ट्रेंट ग्रीनचा गुडघा शाबूत राहिला असता तर हा माणूसही तेवढाच मोठा आणि पुरता अनोळखी राहिला असता. म्हणून माझा नमस्कार त्या सगळ्यांना आहे.

३० जानेवारी २०००, अटलांटा, सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना. टेनेसी टायटन्सशी १६-१६ अशी बरोबरी, दोनेक मिनिटं उरलेली. वॉर्नर मागे सरतो. टायटन्सचा जेव्हॉन कर्स कडेने वळसा घालून थेट त्याच्यावर येतो. लांब फेकीसाठी जेवढा वेळ हवा तेवढा नाही. वॉर्नर बघतो आणि सोडतो. त्याच क्षणी कर्सची धडक बसून तो आडवा होतो. फेक थोडी तोकडी पडते. आयझॅक ब्रूस पळता पळता थबकतो, मागे वळून चेंडू झेलतो आणि सुटतो. ७३ यार्ड, टचडाउन. रॅम्स २३-१६ ने जिंकले.

कर्सच्या हाताआधी चेंडू सुटला कसा, हे ज्याला बघायचं असेल त्याने ५० यार्डांचं ते छपराखालचं मैदान बघावं.