साखरपट्ट्यातली स्लश

यंदा उन्हाळ्यात आमच्या श्रीरामपूरच्या घरी सॉफ्टी आणि स्लश काढणारं यंत्र आलं. मिक्सरची बदली माळ्यावर झाली नि हे ओट्यावर विराजमान.

मला मधुमेह. म्हणून सौ.नं लिंबू सरबत बिनसाखरेचंच ओतलं. थोड्या वेळात यंत्रानं करकर करून मान टाकली. आत नळकांड्यावर बर्फाचा हा जाड थर. मग पुस्तिका उघडली (आपल्याकडे ती बिघडल्यावरच उघडतात). साखर हवीच! साखरेमुळे पाणी शून्याखाली गेलं तरी सगळं गोठत नाही, भुसभुशीत राहतं. साधं पाणी मात्र दगड होतं. हरेगावला इंग्रजांच्या काळातच साखर करू लागलेल्या तालुक्याला साखरेचं महत्त्व शिकवावं कुणी, तर या चोपड्यानं!

दुसऱ्या दिवशी साखर घातली, तर लाइट गेली.

पूर्वी आइस्क्रीमसाठी लाकडी बादलीत बर्फ नि खडेमीठ भरून पॉटचा दांडा फिरवायचो. मीठ बर्फाला शून्याच्या पार खाली नेतं. त्याला वीज लागत नसे. गल्लीतली चार पोरं लागत, आणि ती बोलवावी लागत नसत.

सॉफ्टी एकदाची जमली. ती मऊ लागते कारण तिच्यात बरीच हवा घुसळलेली असते, असं मी ऐटीत सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे एवढे पैसे देऊन हवा आणलीस व्हय?"

सध्या यंत्रावर कांद्याची परडी आहे. संध्याकाळी घरचे रसवंतीवर जातात. मीही जातो, घुंगरं ऐकायला.