वाइनकाका

नाशकात गंगापूर रोडच्या कुठल्याही सोसायटीत एक तरी वाइनकाका असतातच. आमचे बँकेतून निवृत्त झालेले. उभा जन्म मसाला दुधावर काढला. मग मुलाने एकदा द्राक्षमळ्यावर टेस्टिंगला नेलं आणि काका जे बाटले ते बाटलेच.

दारूचा आजीवन परवाना त्यांनी लॅमिनेट करून घेतलाय. कुणी न मागता दाखवतात. पिणं आरोग्य राखण्यासाठी आहे, असं सरकारच त्यावर म्हणतं.

काका वाइन लगेच पीत नाहीत, आधी तिची चौकशी करतात. ग्लास दांडीलाच धरायचा, पंजात धरला तर वाइन तापते. मग गरगर फिरवायचा. काचेवरून थेंब ओघळले की "पाय बघा, पाय!" म्हणतात, मुलगी बघायला आल्यासारखे. ते ओघळ अल्कोहोल उडण्यामुळे उमटतात, दर्जाशी त्यांचा संबंध नाही, असं मी एकदा बोलून गेलो. चकल्यांची बशी तेव्हापासून माझ्यापासून लांब असते.

मग नाक ग्लासात. "चेरी... ओलं चामडं..." काकांनी आयुष्यात चेरी खाल्ली ती केकवरची, म्हणजे बहुधा पाकातलं करवंद! पण नोंद होते. जुन्या बँक डायरीत रकाने आखलेत: रंग, वास, चव, शेरा. शेऱ्यात दर वेळी एकच: 'पुन्हा सादर करावे.'

काकू मात्र पदराला हात पुसत आल्या, सोव्हिन्यों ब्लांचा ग्लास हुंगला आणि म्हणाल्या, "अहो, ढोबळी मिरची चिरल्यासारखा वास येतोय." अगदी बरोबर. पायराझीन जातीचं वासाचं द्रव्य दोन्हींत असतं. काकांनी मान डोलावली आणि डायरीत लिहिलं, 'हर्बेशियस'.

फ्रान्समध्ये फ्रेडरिक ब्रोशे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी व्हाइट वाइनमध्ये लाल रंग मिसळून वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना दिली होती. त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्याच शब्दांत केलं. 2001 साली छापून आलेला हा प्रयोग काकांना ठाऊक आहे. "विद्यार्थी होते हो ते," एवढंच म्हणतात.

बोलावणं आलं तर जरूर जा. वाइन चांगली असते, माणूस त्याहून चांगला. पण बोलावतात आठला आणि पहिला घोट मिळतो साडेनऊला, तेव्हा घरून जेवून जा.