संशयित इसम

मुंबई शहरात उभे राहायला कारण लागते. लालबागला गणपतीच्या रांगेत माणूस दिवसभर उभा राहिला, दादरच्या पुलाखाली पावसाची सर ओसरेपर्यंत तिष्ठला किंवा गिरगावच्या नाक्यावर न येणाऱ्या बसकडे डोळे लावून राहिला, तरी त्याची दखल कोणी घेत नाही. कारण त्या उभे राहण्याला प्रयोजन असते आणि ते सर्वांना ठाऊक असते. चौपाटीच्या वाळूत पाठमोऱ्या बसलेल्या युगुलाचे प्रयोजन तर इतके उघड असते की, हवालदारसुद्धा त्यांना प्रश्न विचारतो तो केवळ शिरस्ता म्हणून. परंतु सकाळी सातच्या सुमारास साठी उलटलेला एक गृहस्थ अंगावर मातकट हिरवा सदरा, पायांत चिखलाचे बूट आणि गळ्यात लहान बाळाच्या वजनाचे यंत्र अशा थाटात एका उंबराखाली मान वर करून पाऊण तास निश्चल उभा राहिला, की या शहराच्या बुद्धीला ग्रहण लागते. तो कोणाची वाट पाहत नाही, काही विकत नाही, काही मागत नाही आणि आजारीही दिसत नाही. त्या अर्थी तो काहीतरी लपवीत असला पाहिजे, असा निष्कर्ष समोरच्या फाटकावरचा सुरक्षारक्षक काढतो. आणि तर्कशास्त्राच्या दृष्टीने त्यात दोष काढायला मला तरी जागा दिसत नाही.

हा गृहस्थ म्हणजे पक्ष्यांचा छायाचित्रकार. बहुधा तो एखाद्या बँकेतून, विमा कचेरीतून किंवा सरकारी खात्यातून सन्मानाने निवृत्त झालेला असतो, आणि भविष्यनिर्वाह निधीचा जो भाग कन्येच्या विवाहानंतर शिल्लक उरला, त्यातून त्याने सहाशे एमएमची लेन्स घेतलेली असते. तिची खरी किंमत घरात कोणालाही ठाऊक नसते. त्याचा पोशाख जंगलात अदृश्य होण्यासाठी शिवलेला आहे. पण परळच्या काचेच्या इमारतींसमोर तोच पोशाख तिसऱ्या मजल्यावरूनही नजरेत भरतो, आणि सभोवतालच्या हजारो पांढऱ्या व निळ्या सदऱ्यांत लपण्यासाठी वेष केलेला हा एकटाच इसम उघडा पडतो. दैवाचा सर्वांत क्रूर विनोद असा की, ज्याने पस्तीस वर्षे खुर्चीत बसून लोकांच्या अर्जांवर ‘सबब नामंजूर’ अशी मखलाशी केली, त्याच्याच नशिबी उतारवयात ‘साहेबांची चिठ्ठी आणा’ हे वाक्य ऐकणे आले आहे.

संभाषणाचा आरंभ ठरलेला असतो.

“काका, फोटो काढायचा नाही.”

“अहो, मी पक्ष्याचा काढतोय.”

“पक्षी कुठंय?”

या प्रश्नापाशी आमच्या नायकाची कैफियत कोसळते. कारण पक्षी बहुतेक तांबट असतो. अंगाने हिरवा, बसतो हिरव्या पानांत, आणि कुठे तरी भांडे ठोकल्यासारखा एकसुरी आवाज करीत राहतो. त्याला ऐकता येते, दाखवता येत नाही. छायाचित्रकार बोट दाखवतो, पहारेकरी त्या बोटाच्या दिशेने पाहतो आणि त्याला एका वातानुकूल यंत्राखेरीज काही दिसत नाही. अखेर निरुपायाने कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे चित्र पुढे केले जाते. तिथे तांबट आहे. कपाळावरचा तांबडा टिळाही स्पष्ट आहे. पहारेकरी ते चित्र बारकाईने न्याहाळतो.

“पक्ष्याचं ठीक आहे. मागं बिल्डिंग आली ना.”

“ती धूसर आहे हो. लेन्सच तशी आहे, मागचं सगळं धूसर येतं.”

“मग धूसर कशाला केली?”

यावर उत्तर नाही. छिद्राचा व्यास, पदार्थाचे अंतर आणि प्रकाशाचे वक्रीभवन यांवर भर उन्हात दिलेले व्याख्यान हा कबुलीजबाबाचाच एक प्रकार ठरतो. याच वेळी पाच पावलांवर एक तरुण मोबाइल उंचावून त्याच इमारतीसह, फाटकासह आणि खुद्द पहारेकऱ्यासह स्वतःचे चित्र काढीत असतो, आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. मोठी लेन्स म्हणजे गुन्ह्याचे हत्यार आणि मोबाइल म्हणजे शरीराचा अवयव, असा आपल्या नगरव्यवस्थेचा ठाम समज आहे. खरा हेर पहिली वस्तू कशाला बाळगील, हा विचार कोणाच्याच अखत्यारीत येत नाही.

मज्जाव कोणाच्या हुकमाने आहे, याची तहकीकात करणे हाही एक स्वतंत्र अभ्यासविषय होईल. पहारेकरी सुपरवायझरकडे बोट दाखवतो, सुपरवायझर साहेबांकडे, साहेब मुख्य कचेरीकडे. आणि मुख्य कचेरीत असा कागद कोणी पाहिलेला नसतो. हा नियम अपौरुषेय आहे. तो श्रुतिपरंपरेने एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे जातो, आणि २००८ च्या नोव्हेंबरातल्या त्या तीन भीषण दिवसांनंतर त्याच्या पठणात एक गांभीर्य आले आहे. त्या गांभीर्याची थट्टा करण्याची माझी छाती नाही. ज्या माणसाला बारा तासांच्या पाळीसाठी एक शिट्टी, एक काठी आणि ‘लक्ष ठेव’ एवढाच आदेश मिळालेला आहे, त्याने कशावर तरी लक्ष ठेवले पाहिजे. आणि हलत नसलेल्या माणसावर लक्ष ठेवणे सर्वांत सोपे असते.

या शास्त्राची परीक्षाभूमी म्हणजे शिवडीची जेट्टी. हिवाळ्यात इथल्या चिखलात रोहित पक्षी उतरतात. त्यांत छोट्या रोहितांचा भरणा अधिक. चिखलातले शेवाळ गाळून खात गुलाबी झालेले हे थवे टिपण्यासाठी रविवारी पहाटे भरती-ओहोटीचे कोष्टक खिशात घालून आमची मंडळी तिथे जमतात. परंतु पक्ष्यांनी जागा निवडताना सरकारी गुपितांचा मुळीच विचार केलेला नाही. अलीकडे बंदराची हद्द, पलीकडे तुर्भ्याची टेकडी, तिच्या पायथ्याशी तेलशुद्धीकरणाचे कारखाने आणि भाभा अणुसंशोधन केंद्र. रोहितांवर रोखलेली लेन्स चार अंश वर उचलली गेली की, १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम डोळ्यांपुढे उभा राहतो. २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला अटल सेतू याच किनाऱ्यावरून निघतो. त्याच्या कठड्यावर एके ठिकाणी वाहनांचा आवाज रोहितांच्या कानी जाऊ नये म्हणून आडोसा बांधला आहे, आणि दुसऱ्या ठिकाणी अणुसंशोधन केंद्र माणसांच्या दृष्टीस पडू नये म्हणून. पक्ष्यांनी ऐकायचे नाही, माणसांनी पाहायचे नाही: एकाच पुलावर दोन्ही प्राणिजातींचा इतका समदर्शी बंदोबस्त मी अन्यत्र पाहिलेला नाही.

पहारेकऱ्याच्या संशयाला इतिहासाचा आधार नाही, असे मात्र कोणी समजू नये. दमयंतीच्या उपवनात नळाची वार्ता पोहोचवली ती हंसानेच, आणि विदर्भराजाच्या पहारेकऱ्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. अर्वाचीन काळात तर पक्षिविद्या आणि हेरगिरी यांचा शेजार अधिकच दाट आहे. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध काल्पनिक हेराचे नाव, जेम्स बाँड, हे वेस्ट इंडीजच्या पक्ष्यांवर ग्रंथ लिहिणाऱ्या एका अमेरिकी पक्षितज्ज्ञाचे होते. जमैकात लेखनाला बसणाऱ्या इयन फ्लेमिंगने ते त्याच्या पुस्तकावरून उचलले. १९३७ साली सलीम अलींबरोबर अफगाणिस्तानात पक्षी पाहत हिंडलेले कर्नल माइनर्ट्झहागेन पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या गुप्तवार्ता खात्यात होते, आणि त्यांच्या मृत्यूनंतर असेही निष्पन्न झाले की, त्यांच्या संग्रहातले कित्येक पक्षी इतर संग्रहालयांतून लांबवलेले होते. म्हणजे त्यांच्या बाबतीत एखाद्या पहारेकऱ्याने थैली उघडून पाहिली असती, तर विज्ञानाचे कल्याणच झाले असते.

खुद्द सलीम अली गिरगावातल्या खेतवाडीत वाढले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली एक चिमणी घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत गेले, आणि तिथे मिलर्ड या चिटणिसांनी तिची ओळख पटवून त्यांच्यापुढे पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कपाट खुले केले. मृत प्राणी घेऊन आलेला पोरगा कचेरीत शिरतो आणि त्याला कोणी ‘कोणाला भेटायचंय, रजिस्टरमध्ये नाव लिहा’ असे म्हणत नाही, म्हणून या देशाला पक्षिशास्त्र मिळाले. आज तो मुलगा फाटकापर्यंत पोहोचला असता, पण चिमणी मुद्देमाल म्हणून जमा झाली असती.

आणि मुद्देमालाचा विषय निघालाच आहे, तर परळच्या कबुतराला वगळून चालणार नाही. २०२३ च्या मे महिन्यात चेंबूरच्या पीर पाव जेट्टीवर एक कबूतर पकडण्यात आले. त्याच्या पायांत कड्या होत्या आणि पंखांवर चिनीसारखी अक्षरे. हेरगिरीच्या संशयावरून त्याला परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयात ठेवण्यात आले, आणि तिथे ते संशयित पाखरू जवळजवळ आठ महिने दाणे टिपीत तपास पूर्ण होण्याची वाट पाहत राहिले. अखेर ते तैवानातल्या शर्यतीतून भरकटलेले निघाले, आणि २०२४ च्या जानेवारीअखेर पोलिसांच्या रीतसर अनुमतीने त्याची मुक्तता झाली. या प्रकरणापासून आमच्या छायाचित्रकारांच्या गोटात एक प्रकारचे समाधान पसरले आहे. संशय केवळ पाहणाऱ्यावर नाही, पाहिल्या जाणाऱ्यावरही आहे. न्याय समान आहे.

परंतु सत्य सांगायचे तर, या मंडळींचे वर्तन निर्दोष माणसासारखे नसतेच. ती अंधारात घर सोडतात. परस्परांशी कुजबुजत्या स्वरात बोलतात. मलबार हिलवर कुठल्या झाडावर कोणता पाहुणा उतरला, हे फक्त विश्वासातल्या दोघांना कळवतात आणि तिसऱ्याने विचारल्यास ‘दक्षिण मुंबईत कुठे तरी’ असे सांगून वाटेला लावतात. वार, वेळ आणि ठिकाण यांची नोंद वहीत सांकेतिक अक्षरांत करतात. घरट्याचा पत्ता तर ते प्राण गेला तरी फोडणार नाहीत, आणि त्यामागे पक्ष्यांविषयीची कणव जितकी असते, तितकाच प्रतिस्पर्ध्याला चांगले चित्र मिळू नये हा हेतूही असतो. आपण हेर नाही, हे सिद्ध करण्यासाठी हा इसम खिशातून जे काढतो, ते म्हणजे अनोळखी नावांची आणि वेळांची एक यादी.

परळ-लालबागच्या पट्ट्यातल्या एखाद्या बंद गिरणीच्या फाटकावर मात्र या नाट्याला वेगळे वळण लागताना दिसते. धुराड्याच्या आश्रयाला गव्हाणी घुबड असल्याची वार्ता लागल्याने आमचा नायक सायंकाळी तिथे रेंगाळतो, आणि साताऱ्याकडचा रखवालदार त्याला हटकण्याऐवजी स्वतःच जवळ येतो.

“घुबडासाठी आलाय काय, काका? रात्री बाराला निघतंय बघा. लय ओरडतंय.”

जन्मात प्रथमच कोणी आपला हेतू ओळखल्याने छायाचित्रकाराचा कंठ दाटतो. रखवालदार पुढे सरकतो आणि आवाज खाली आणतो.

“फोटो कशाला काढताय? घेऊनच जा की त्याला. मी फाटक उघडतो.”

इथे गप्प राहणे शहाणपणाचे असते. पण पक्षिप्रेमी तो पक्षिप्रेमी. घुबड उंदीर खाते, म्हणून ते उपकारक आहे, त्याला अशुभ मानणे हे अज्ञान आहे, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये त्याला पकडणे हा कैदेस पात्र असा गुन्हा आहे, असे सविस्तर निवेदन तो तिथल्या तिथे सादर करतो. रखवालदार ते शेवटपर्यंत ऐकून घेतो, दोन पावले मागे होतो आणि खिशातला फोन काढतो.

“साहेब, गेटवर एक इसम आहे. कॅमेरा आहे. होय, मोठा आहे. नाही, पळत नाही, कायद्याचं बोलतोय.”