काव्यांजली

27 फेब्रुवारी जवळ आली की गावोगावच्या वाचनालयांत कुसुमाग्रजांच्या तसबिरीवरची धूळ झटकली जाते. हार येतो आणि हारापाठोपाठ ‘स्वरचित’ काव्यांजली येतात. हार एकच असतो; काव्यांजली मोजू नयेत. “अध्यक्षांची परवानगी असेल तर चारच ओळी म्हणतो,” असं सांगत खिशातून जो कागद निघतो त्याला चार घड्या असतात, आणि प्रत्येक घडीत ऐवज असतो.

साचाही ठरलेला. पहिल्या कडव्यात गोदावरी. दुसऱ्यात ‘विशाखा’ आणि ‘नटसम्राट’ हातात हात घालून येतात. तिसऱ्यात ज्ञानपीठ. मग ‘कणा’, कारण तो सर्वांना पाठ. शेवटी मायमराठीच्या माथ्यावरचा मुकुट. थोडक्यात, यमकात बसवलेली ग्रंथसूची! ‘अहि-नकुल’ किंवा ‘लिलाव’ मात्र कुणाच्या कडव्यात सापडायचे नाहीत. त्यासाठी ‘विशाखा’ उघडावी लागते, आणि हार घालायला पुस्तक उघडावं लागत नाही.

मोठ्या कवीवर कविता लिहिणं वाईट नाही. गोविंदाग्रज तर केशवसुतांचे चेले म्हणवून घेण्यात धन्यता मानत. पण त्यांची गुरूच्या कवितेशी सलगी होती. विंदा करंदीकरांनी तुकोबांना हार घातला नाही. एका कवितेत थेट शेक्सपीअरलाच त्यांच्या भेटीला आणून बसवलं. दोघांना एकमेकांशी बोलू द्यायचं तर दोघांचंही बोलणं कानात असावं लागतं. आपल्या काव्यांजलीत थोर कवी बिचारा गप्प असतो. बोलतो तो कागदवाला.

माझं मत विचाराल तर मराठीतली खणखणीत काव्यांजली अत्र्यांनी वाहिली, तीही टिंगल म्हणून. ‘झेंडूची फुले’ आली 1925 साली. त्यात केशवसुतांच्या ‘आम्ही कोण?’चं विडंबन आहे. मूळ कवितेत कवी म्हणजे देवाचे लाडके. अत्र्यांचे कवी दुसऱ्याचं वाङ्मय खुशाल उचलणारे. पण वृत्त तेच, शार्दूलविक्रीडित. एका ओळीत 19 अक्षरं, बाराव्यावर यती, आणि लघु-गुरूची एक चूक झाली की सगळी ओळ लंगडते. अत्र्यांची लंगडत नाही. केशवसुत 1905 सालीच गेले होते, त्यामुळे त्यांचं मत कळायला मार्ग नाही. पण त्यांची चाल, त्यांचा आवेश आणि त्यांची ऐट इतक्या बारकाईने ऐकणारा वाचक त्यांना भक्तमंडळीत सहजी मिळाला नसता. गंमत म्हणजे केशवसुत काय आणि ‘केशवकुमार’ या नावाने विडंबनं लिहिणारे अत्रे काय, दोघांच्याही वडिलांचं नाव केशव.

तेव्हा आवडत्या कवीला काव्यांजली वाहायची हौस आलीच, तर आधी त्याच्या एका कवितेचं विडंबन करून बघा. त्याच वृत्तात, मात्रा न चोरता. जमलं तर खुशाल व्यासपीठावर म्हणा. नाही जमलं, तरी त्या निमित्ताने मूळ कविता दहा वेळा वाचून होईल.