बोरला शुद्ध हवा खायला येणाऱ्या पाहुण्यांस



जंगलात काडी पेटवायला मनाई, म्हणून तुम्ही आमच्या हिंगणीत गाडी थांबवता, बोनेटला टेकून एक शिलगावता आणि "काय हवा आहे राव!" म्हणत छातीभर झुरका घेता. बोर 1970 पासून अभयारण्य आहे, 2014 पासून व्याघ्रप्रकल्प. पण इथल्या हवेची अशी कदर कोणी केली नव्हती.

त्याहून कौतुक तुमच्या फुफ्फुसांतल्या कारभाराचं. तिथल्या वायुकोशांत मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात. धूळ, जंतू, मेलेल्या पेशी, सापडेल ते गिळून पचवायचं हे त्यांचं काम. धुराने त्या संपत असतील असं वाटतं ना? छे! उलट भरती वाढते. ओढणाऱ्याच्या फुफ्फुसात त्या कितीतरी पट जास्त सापडतात. हजेरीपटावर नावं ढीगभर आणि घमेलं उचलायला कोणी नाही, हे रोजगार हमीच्या कामावरसुद्धा इतकं सफाईने जमत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बघा: एकेकीच्या पोटात तपकिरी कण गच्च भरलेले. ते पचत नाहीत, पेशी फुगते, जागची हलेनाशी होते. बडोद्यात डॉक्टर झालेल्या ललिता रामकृष्णन यांच्या केंब्रिजमधल्या गटाने 2016 मध्ये नेमकं हेच दाखवलं. अशी तुंबलेली पेशी क्षयाच्या जंतूंशी लढायला जिथे जायला हवं तिथे पोचतच नाही. आणि जगातले सर्वाधिक क्षयरोगी आपल्याच देशात.

न्यूट्रोफिल नावाच्या दुसऱ्या पेशी मात्र हलतात, नको तितक्या. त्या इलास्टेज हे विकर सोडतात. त्याला आवर घालणारं प्रथिन यकृत पुरवतं. धूर आधी त्यालाच निकामी करतो. मग ते विकर वायुकोशांच्या भिंती खात सुटतं. भिंती पडल्या की चार कोशांचा एक होतो. जागा ऐसपैस, पण जिना चढताना दम पुरत नाही. पडलेली भिंत पुन्हा उभी राहत नाही.

आम्हीही काही सोवळे नाही. पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचा, गालात दाबायचा आणि दिवसभर पिंका टाकायच्या, हा आमचा खाक्या. त्याचा हिशेब तोंडाला द्यावा लागतो. पण आमचा खर्रा शेजारच्याच्या छातीत उतरत नाही. तुमच्या मागच्या सीटवर खिडकीला नाक लावून वाघ शोधणाऱ्या पोराला धुराचा वाटा मिळतो, तोही फुकट. एवढा दिलदारपणा आम्हाला कुठला जमायला?

पुढच्या हंगामात अवश्य या. फक्त पानठेल्यावर सुटी मागू नका. 2020 पासून राज्यात सुटी सिगारेट विकायला बंदी आहे. अख्खं पाकीट घ्या. त्याच्या 85 टक्के जागेवर सचित्र इशारा छापलेला असतो. वाघ दिसो न दिसो, तेवढं दर्शन नक्की.

आपला,
पानठेल्यासमोरचा एक हिंगणीकर